रॅम्पवरचं शेवाळ आणि मनालीचा बर्फ: गोव्यात राहणाऱ्याने कुठली छोटी फोर बाय फोर घ्यावी?

ट्रेलरवर छोटी बोट लादून धक्क्यापर्यंत न्यायची, दिवस मावळला की ओढून घरी आणायची, आणि जानेवारीत तीच गाडी घेऊन हिमाचलात बर्फात जायचं. या दोन्ही कामांसाठी एकच छोटी गाडी हवी असेल तर सध्या चार नावं विचारात घेण्यासारखी आहेत: मारुती सुझुकी जिमनी, तीन दारांची महिंद्रा थार 4x4, फोर्स गुरखा आणि मारुतीचीच ग्रँड विटारा ऑलग्रिप (तिची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती). थार रॉक्स 4x4 उत्तम ओढते, पण 4,428 मिमी लांबीची गाडी छोटी म्हणवत नाही. तिचा उल्लेख पुढे येईल तेवढाच.

निकाल आधीच सांगतो. भरलेल्या ट्रेलरचं वजन 350 किलोच्या आत असेल तर जिमनी. त्याच्या वर, 600-700 किलोपर्यंत, डिझेल थार. ट्रेलर नसेलच आणि फक्त पावसाळी रस्ते नि बर्फ असेल, तर ग्रँड विटारा या सगळ्यांपेक्षा सुखाची. गुरखा रॅम्पवर सगळ्यांत भरवशाची आहे, पण रोजच्या वापराला जड आहे. आता यामागची कारणं.

पहिलं काम गाड्या बघण्याचं नाही, ट्रेलर वजनकाट्यावर नेण्याचं आहे. बोट विकणारा सांगतो ते फक्त हलचं, म्हणजे नुसत्या बोटीच्या कवचाचं वजन असतं. हिशोब मांडून बघा: 14 फुटी फायबरची बोट साधारण 220 किलो, 40 एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) 100 किलोच्या आसपास, 25 लिटर पेट्रोल कॅनसकट 20, बॅटरी 20, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं आणि बर्फाने भरलेला आइसबॉक्स मिळून 50, आणि खुद्द ट्रेलर 170. झाले 580 किलो. उलट 10 फुटी हवेची रबरी बोट, 5 एचपीचं इंजिन आणि हलका ट्रेलर मिळून 200 किलोच्या आत बसतं. दोघांनाही लोक ‘लहान बोट’च म्हणतात, पण दोघांना लागणारी गाडी एक नाही.

दुसरा प्रश्न ट्रेलरला ब्रेक आहेत का हा. इथे फॅब्रिकेटरकडून करून घेतलेल्या बहुतेक ट्रेलरांना ते नसतात. म्हणजे थांबवायचं सगळं काम पुढच्या गाडीचं. जिमनीचं स्वतःचं वजन 1,210 किलोपर्यंत. तिच्या मागे बिनब्रेकचे 580 किलो म्हणजे गाडीच्या निम्म्याच्या जवळ. करमल घाटात पावसात उतरताना वळणावर ब्रेक दाबला की ट्रेलर गाडीची मागची बाजू बाहेर ढकलतो, आणि रिकाम्या जिमनीची मागची बाजू मुळात हलकी. हीच गुरुग्राममध्ये बनलेली पाच दारी जिमनी ऑस्ट्रेलियाला जाते, तिथे तिची ओढण्याची मर्यादा ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी 1,300 किलो आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी फक्त 350 किलो दिलेली आहे. म्हणून वरचा 350चा आकडा. थार पावणेदोन टनांच्या आसपास, तेच 580 किलो तिच्या एकतृतीयांश भरतात. फरक इंजिनाच्या ताकदीचा कमी आणि या प्रमाणाचा जास्त आहे.

ऑस्ट्रेलियाचा आकडा भारतातल्या वॉरंटीला लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. घेण्याआधी भारतीय मॅन्युअलमधलं टोइंगचं पान शोरूममध्ये उघडून वाचा, आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडून उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी, नंबर प्लेट आणि मागचे दिवे लागतात. गाडीला हिच (ट्रेलर अडकवायचा मागचा गोळा आणि त्याची चौकट) बसवणं कलम 52 खालच्या बदलांत धरलं जाऊ शकतं, तेव्हा वाहतूक खात्यात आणि विमा कंपनीत आधी विचारूनच गॅरेजात जा. आणि समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला गोव्यात बंदी आहे. कितीही चांगली फोर बाय फोर असली तरी बोट धक्क्याच्या रॅम्पवरूनच उतरवायची.

रॅम्पवरच या गाड्यांचा खरा कस लागतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, मासेमारीची बंदी उठून बोटी बाहेर पडायला लागतात तेव्हा, रॅम्पचा भरतीच्या रेषेखालचा भाग शेवाळाने हिरवा झालेला असतो. ट्रेलर मागे सोडला की गाडीची मागची चाकं त्या हिरव्या पट्ट्यावर आणि पुढची वर कोरड्या काँक्रीटवर येतात. टू-व्हीलमध्ये बाहेर काढायला गेलात तर मागची चाकं जागीच फिरतात, आणि बोट चढल्यामुळे वजन वाढलेलं असल्याने गाडी थोडी थोडी पाण्याकडे सरकते. फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार या कामाला घेऊ नका, ती दिसायला तीच असली तरी.

इथे लो रेंज (4L, म्हणजे चाकं सावकाश पण जास्त जोराने फिरवणारी फोर बाय फोरची जोडणी) कामाला येते, आणि तीही चढण्यापेक्षा उभं राहण्यासाठी जास्त. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो, आणि तीच दोन शेवाळावर. टू-व्हीलमध्ये हँडब्रेक ओढून खाली उतरलात तर चाकं लॉक असूनही गाडी घसरत पाण्यात जाऊ शकते. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे जिमनी, थार आणि गुरखात, 4L लावलं की ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते. मग मागच्या चाकांना लावलेला हँडब्रेक पुढच्या कोरड्यावरच्या चाकांनाही धरून ठेवतो. त्यावर पहिला गिअर टाकून इंजिन बंद केलं की गाडी चारही चाकांवर उभी राहते. ग्रँड विटारात पुढचा-मागचा शाफ्ट जोडणारा क्लच विजेवर चालतो, इंजिन बंद केलं की तो सुटतो, हँडब्रेक मागच्या चाकांपुरताच उरतो आणि पुढच्या चाकांना फक्त गिअर किंवा P धरतो. म्हणून ग्रँड विटारा बर्फाला चांगली असूनही शेवाळलेल्या रॅम्पला आम्ही ती सुचवत नाही.

क्रम असा ठेवा. वर सपाटीवर थांबून बोटीचे मागचे पट्टे सोडा, पुढचा विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या चरकाचा) दोर मात्र पाण्यात जाईपर्यंत सोडू नका. ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा, नाहीतर गरम बल्ब गार पाण्यात फुटतात आणि फ्यूज उडतो. गाडी पूर्ण थांबवून 4L लावा आणि लिव्हर शेवटपर्यंत बसली आहे याची खात्री करा. 4H (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) आणि 4L च्या मध्ये ट्रान्सफर केसचा न्यूट्रल आहे, लिव्हर तिथे अर्धवट राहिली तर गिअरही धरत नाही आणि ऑटोमॅटिकचा P सुद्धा नाही. मागे उतरा, हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद, आणि पुढच्या चाकांमागे लाकडी उटी. बाहेर काढताना 4L पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून क्लच हळू सोडा. चाक फिरायला लागलं तर पाय झटकन काढू नका. जिमनीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा आहे, तिला काम करायला चाक थोडं फिरावं लागतं. एकसारखा हलका पाय ठेवला की एक-दोन क्षणांत पकड मिळते. वर कोरड्यावर आल्यावर वळायच्या आधी 2H, म्हणजे पुन्हा टू-व्हील.

थारच्या काही व्हेरियंटांत मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळतं (डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच). एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त फिरलं की ते आपोआप जखडतं. ट्रेलर ओढणाऱ्याने हेच व्हेरियंट शोधावं, आणि बुकिंगच्या वेळी ‘ब्रेक लॉकिंग’ आणि ‘मेकॅनिकल लॉकिंग’ यांतला फरक विचारून कागदावर लिहून घ्यावा, कारण सेल्समनच्या बोलण्यात दोन्हीला ‘लॉकर आहे’ असंच म्हणतात. गुरखात पुढचं आणि मागचं अशी दोन्ही डिफरन्शियलं हाताने लॉक करता येतात, म्हणजे चाक घसरायच्या आधीच. शेवाळावर ही सोय अमूल्य आहे. फक्त पुढचं लॉक असताना स्टिअरिंग वळत नाही असं वाटतं, तेव्हा रॅम्प सरळ असेल तरच ते लावा.

भरतीची वेळ पाहून जा. भरतीला ट्रेलर कमी खाली न्यावा लागतो आणि गाडीची चारही चाकं कोरड्यावर राहतात. निम्मा त्रास इथेच संपतो.

रस्त्यावर ओढताना छोट्या गाडीची अडचण व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची. गुरखा तीन दारी 2,400 मिमी, थार 2,450, जिमनी 2,590, रॉक्स 2,850. व्हीलबेस जितका आखूड तितका ट्रेलर गाडीला डोलवतो. बोटीच्या ट्रेलरला हा रोग जास्त, कारण आउटबोर्डचं 100 किलो वजन अगदी शेवटी लटकलेलं असतं आणि हिचवरचं वजन कमी पडतं. हिचवर एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के भार हवा. 580 किलोच्या ट्रेलरला 40 ते 58 किलो. मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो: ट्रेलर समतल ठेवून कपलरखाली (ट्रेलरच्या दांड्याचं हिचवर बसणारं टोक) लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली काटा. भार कमी भरला तर आइसबॉक्स आणि पेट्रोलचा कॅन अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवा, जास्त भरला तर मागे. हा भार गाडीच्या सामानात धरावा लागतो. जिमनीची एकूण वजनाची मर्यादा 1,545 किलो, म्हणजे माणसं आणि सामान मिळून साधारण 335 किलो. चार धट्टीकट्टी माणसं बसली की ते संपत येतात. ट्रेलर असताना जिमनीत दोघेच बसा.

वेग 60च्या आत. डोलायला लागलाच तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने उलट सावरायला जाऊ नका, फक्त पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा. ब्रेक मारला की पुढची गाडी थांबते आणि मागचा ट्रेलर बाजूने वळून पुढे येतो.

हिच लॅडर फ्रेमला बोल्टने बसलेला हवा. बंपरला वेल्डिंग करून दिलेला स्वस्त हिच खड्ड्यात तडकतो. कंपनीने दिलेले हुक अडकलेली गाडी ओढायला आहेत, ट्रेलरला नाहीत. बॉल 50 मिमीचा आणि कपलरही 50चाच असल्याची खात्री करा. सेफ्टी चेन दोन, कपलरखाली एकमेकींना छेदून लावलेल्या, म्हणजे बॉल सुटला तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांवर पडतो. हिच काढता येणारा घ्या. जिमनीचा मागचा कोन (मागची बाजू न घासता किती तीव्र उतार उतरता येतो ते) 50 अंशांचा आहे, कायमचा हिच लावला की तो बराच कमी होतो आणि ओहोटीला फेरीबोटीच्या फळीवर चढता-उतरताना हिच घासतो. एक छोटी गोष्ट जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही: जिमनी, थार आणि गुरखा तिघींचं मागचं दार स्टेपनीसकट बाजूला उघडतं, आणि ट्रेलर जोडलेला असताना ते त्याच्या जॅकच्या दांड्याला अडतं. विंचचं हँडल, टॉर्च, दोर हे सगळं मागच्या सीटवर ठेवायची सवय लावा.

रुंदीत मात्र जिमनीला तोड नाही. 1,645 मिमी रुंदी आणि 5.7 मीटरची वळणत्रिज्या, त्यामुळे चिऱ्याच्या कुंपणांमधल्या गावातल्या वाटांवर ट्रेलर मागे घेताना ती बसते. थार बरीच रुंद आहे आणि तिच्यातून मागे नीट दिसतही नाही. ट्रेलर ओढायचा असेल तर रुंद आरसे किंवा ट्रेलरच्या मागे कॅमेरा लावा.

आता बर्फ. गोव्याहून मनाली अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. जिमनीचं 1.5 लिटरचं पेट्रोल इंजिन 105 पीएसचं आणि 134 न्यूटन-मीटरचं, टर्बो नाही. हायवेवर 100च्या पुढे ती आवाज करते आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक ओव्हरटेकला विचार करतो. मॅन्युअलच घ्या. उंचीवर टर्बो नसल्याचा आणखी फटका बसतो. 3,000 मीटरवर हवा विरळ, इंजिनाची साधारण चौथाई ताकद जाते. 105 पीएसची गाडी तिथे 75-80 पीएसची होते. 40 लिटरची टाकीही लहान आहे, बर्फात 4H मध्ये अ‍ॅव्हरेज पडतं, तेव्हा अर्धी झाली की भरा. थारचं 2.2 लिटर डिझेल 130 पीएस आणि 300 न्यूटन-मीटर देतं, टर्बोमुळे उंचीवर दमत नाही आणि टाकी 57 लिटरची. चौघांना सामानासह जायचं असेल तर ताकदीत थारच पुढे.

पण डिझेलची एक अडचण थंडीतच कळते. भारतातल्या मानकांनुसार उन्हाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याखाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) 15 अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेलचा 3 अंशांपर्यंत चालतो. गोव्यात भरलेलं डिझेल उणे 10ला मेण धरतं. लक्षण ठरलेलं: सकाळी इंजिन चालू होतं, दोन-तीन मिनिटं चालतं आणि बंद पडतं, कारण मेणाने फिल्टर तुंबतो. मग लोक टाकीखाली शेकोटी करतात, ती कधीही करू नका. गाडी उन्हात न्या, फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळा. सोपा उपाय आधीचा: टाकी जवळजवळ रिकामी करत जा आणि कुलू-मनालीत भरा. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 पोअर पॉइंटचं विंटर ग्रेड डिझेल आणलं, पुढे जाणार असाल तर तिथे तेच मागा. जिमनीला आणि पेट्रोल थारला ही कटकटच नाही. आठवडाभराच्या हिवाळी सहलीसाठी हा पेट्रोलचा मोठा फायदा आहे.

गोव्यातून निघण्याआधी कूलंट तपासाच. इथे गॅरेजात पातळी कमी दिसली की साधं पाणी ओतायची पद्धत आहे, उकाड्यात ते खपून जातं. बर्फात तेच पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर किंवा ब्लॉक तडकतो. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरून घ्या, ते उणे 35च्या खाली टिकतं. मापायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, नुसता हिरवा रंग बघून चालत नाही. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही काढून थंडीतलं वॉशर भरा. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदला. उणे 18ला चांगल्या बॅटरीतही निम्मीच ताकद उरते, आणि आपल्याकडच्या उष्म्याने ती आधीच खाल्लेली असते.

टायरचा दाब हा फसवा भाग आहे. पणजीत 33 अंशांत 30 पीएसआय भरलेला टायर उणे 10ला सहाएक पीएसआय गमावतो. पण 3,000 मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबच कमी असल्याने मीटर साडेचारएक पीएसआय परत चढवून दाखवतो, म्हणजे वाचन 28च्या आसपास येतं. म्हणून वाटेत गणित करत बसू नका. मुक्कामी पोचल्यावर सकाळी, गाडी हलवायच्या आधी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे दाब करा. परत उतरताना पुन्हा तपासा.

कुठल्याच गाडीच्या कंपनीच्या टायरांवर बर्फात भरवसा ठेवू नका. 7 अंशांखाली साधं रबर कडक होतं. फोर बाय फोर निघायला आणि चढायला मदत करते, थांबायला नाही. खरे विंटर टायर भारतात सहज मिळत नाहीत, तेव्हा चेन लागतेच. ती आपल्या साइजची आधी घ्या (जिमनीची 195/80 आर15, थारची 255/65 आर18 किंवा 245/75 आर16, व्हेरियंट बघा), कुठल्या चाकांना लावायची ते मॅन्युअलमध्ये पाहा, आणि घरच्या अंगणात हातमोजे घालून एकदा लावून काढा. बर्फात बोटं बधिर असताना पहिल्यांदा शिकणं नको. काळा डांबर दिसला की चेन काढा, नाहीतर ती तुटून चाकाच्या कमानीत फिरते. पातळ बर्फात जिमनीचे अरुंद टायर खाली जाऊन टणक थरावर पकडतात, थारचे रुंद टायर वरच तरंगतात. इथे जिमनी सरस.

अटल बोगद्याच्या पलीकडे रस्ता एका वळणावर कोरडा आणि पुढच्या वळणावर काचेसारखा असतो. पार्ट-टाइम गाडीत कोरड्या डांबरावर 4H लावून आखूड वळण घेतलं की पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि मधे त्यांना मोकळीक द्यायला काहीच नसतं. स्टिअरिंग जड होतं, गाडी धरल्यासारखी चालते, कधी लिव्हर 2H मध्ये यायला नकार देते. काही मीटर सरळ मागे घेतली की ताण सुटतो. जिमनीत 2H वरून 4H ला चालत्या गाडीत, सरळ रस्त्यावर, 100च्या खाली जाता येतं, तेव्हा गरजेप्रमाणे बदलत राहा. याच रस्त्यावर ग्रँड विटारा खरी खुलते. ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे मोड, कोरडं-ओलं तिचं ती बघते, चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात ओल्या डांबरावरही तेच. तिची हद्द उतारावर कळते: लो रेंज नसल्याने बर्फाळ उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवायची सोय अपुरी, आणि सगळा भार ब्रेकवर. जिमनी किंवा थार 4L पहिल्या-दुसऱ्या गिअरला लावा आणि ब्रेकला शक्यतो हात लावू नका, ती स्वतःच पायी चालण्याच्या वेगाने उतरते. जोरदार बर्फ पडला की पोलीस मनालीच्या वर फोर बाय फोर गाड्याच सोडतात, त्यामुळे गाडीवर किंवा आरसीवर तसं स्पष्ट असलेलं बरं.

रात्री मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवू नका. जिमनी आणि थार दोघींना मागे ड्रम ब्रेक आहेत, ओले शू गोठून ड्रमला चिकटतात. गिअर टाका, चाकाला दगड लावा, वायपर उभे करा. गोव्यात परत आल्यावर हीच सवय कामाला येते: खाऱ्या पाण्याने भिजलेले ड्रम हँडब्रेक ओढून दोन दिवस ठेवले की शू गंजून तसेच चिकटतात.

मिठाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथल्या गाड्या इंजिनामुळे नाही, गंजामुळे संपतात. रॅम्पवरून आल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने खालून धुवा: फ्रेमच्या बाजूच्या भोकांतून आत, मागच्या अ‍ॅक्सलवर, ब्रेकच्या पाइपांवर. फ्रेम आतून पोकळ आहे, मीठ आतच बसतं. गाडी नवी असतानाच फ्रेमच्या आत कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. काळं रबरी अंडरकोटिंग शोरूम आग्रहाने विकतं, पण त्याला एक चीर पडली की मीठपाणी आत अडकून पत्रा झाकलेल्या जागी कुजतो, आणि पाणी जायची भोकं त्याखाली बुजतात. ते घेतलंच तर भोकं उघडी आहेत हे गाडी लिफ्टवर असताना स्वतः बघा.

ट्रेलरच्या बेअरिंगचं कारण वेगळं. तासभर चालून हब तापलेला असतो, तो तसाच गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या खेपेला बेअरिंग किंचाळतं आणि घाटात चाक निखळतं. धक्क्यावर पोचल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा, हबवर तळवा आरामात ठेवता आला की मगच पाण्यात न्या. ग्रीस मरीनचंच, जुनं बाहेर येईपर्यंत हळू भरा, पण जोराने दाबून मागचं सील उडवू नका. गाडीच्या डिफरन्शियललाही हाच नियम लागतो. ब्रीदर पाइप (डिफमधली हवा आत-बाहेर करणारी नळी) तुंबला तर तापलेलं डिफ गार पाण्यात पाणी शोषतं. पुळण-पाण्यातून गेल्यावर डिफचा ऑइल प्लग सैल करून दोन थेंब बघा: तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता 650 मिमी आणि गुरखाची 700 मिमी सांगितलेली आहे, ती गोड्या पाण्याची आणि सावकाश जाण्याची. खाऱ्या पाण्यात बंपर बुडेल इतकं जायचं कारणच नाही.

गुरखाबद्दल थोडक्यात: 2.6 लिटरचं डिझेल, 2024 पासून 140 पीएस आणि 320 न्यूटन-मीटर, 233 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, दोन लॉकर. कामाची गाडी आहे. ऑटोमॅटिक नाही, क्लच-गिअर पणजीच्या गर्दीत दमवतात, आणि सर्व्हिस कुठे मिळेल ते आपल्या तालुक्यापासूनचं अंतर मोजून ठरवा. रोज मजूर, जाळी, बर्फाच्या लाद्या आणि ट्रेलर एकत्र ओढणाऱ्याने घ्यावी.

जुनी जिमनी किंवा थार घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह डांबरावर संपवू नका. कच्च्या, सैल मातीच्या जागी न्या. 2H, 4H, 4L तिन्ही लावून पाहा, प्रत्येक वेळी मीटरवरचा दिवा फ्लॅश न होता स्थिर राहतो का बघा. जिमनीचा पुढचा अ‍ॅक्सल सरळ दांड्याचा आहे. चाकाच्या आत जिथे तो वळतो तिथल्या गोल भागावर फडकं फिरवा. स्वच्छ ग्रीसचा हलका थर ठीक आहे, तेल गळून चिखल माखलेला असेल तर सील गेले आहेत. 70-80च्या वेगात खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथरत राहिलं तर किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगं आणि चाकांचं बॅलन्सिंग दोन्ही तपासून घ्या, किंमत त्यानंतर बोला. मागच्या फ्रेमवर हिचची भोकं असतील तर विचारा काय ओढत होते. रबर बोट असेल तर हरकत नाही. 500 किलोच्या वरची बोट सांगितली आणि गाडी जिमनी असेल, तर क्लच, मागचे ब्रेक शू आणि फ्रेमच्या भोकांभोवतीची चीर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.